कंपनीच्या सर्व्हरवर मॉनिटरिंग लावलंय, पण ऑडिटला शेरा आला – सुरक्षित कसं करायचं?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मी सांगली भागातल्या एका मध्यम कंपनीत सिस्टिम अ‍ॅडमिन आहे. आमच्याकडे ३८ सर्व्हर आहेत, ४ विंडोज, बाकी सगळे रेड हॅट ८ आणि ९ घराण्यातले, आणि एका मोठ्या पोस्टग्रेस डेटाबेसवर अख्खं ईआरपी (कंपनीचा पगार, बिलिंग सांभाळणारं सॉफ्टवेअर) चालतं. दर महिन्याच्या १ ते ५ तारखेला पगार आणि बिलिंग एकदमच सुरू होतं आणि ईआरपी गुदमरतं. सगळे माझ्या टेबलापाशी येऊन म्हणतात सर्व्हर स्लो आहे, आणि मी टॉप (चालू प्रोसेस दाखवणारी कमांड) उघडून बघेपर्यंत सगळं निवळलेलं असतं, हातात पुरावा काहीच नाही. म्हणून गेल्या महिन्यात नोड एक्सपोर्टर (प्रत्येक सर्व्हरचे आकडे ९१०० पोर्टवर देणारा), प्रोमिथियस (ते आकडे गोळा करून साठवणारं) आणि ग्राफाना (त्यांचे आलेख काढणारं) बसवलं. छान चाललंय, आलेख दिसतात.
आता झालंय असं की वार्षिक ऑडिटमध्ये शेरा आला, '९१०० पोर्टवर पासवर्डशिवाय आणि एन्क्रिप्शनशिवाय सर्व्हरची माहिती उघडी आहे'. साहेब म्हणतात बंद करून टाका, भानगड नको. मला बंद करायचं नाहीये हो, पहिल्यांदाच आम्हाला सर्व्हरच्या आत काय चाललंय ते दिसायला लागलंय. कुणी हे नीट लावलं असेल तर सांगा, अगदी पहिल्या पायरीपासून.

सह्यकडा
बंद करू नका. पण ऑडिटर बरोबर बोलतोय हे आधी मनापासून पटवून घ्या, नाहीतर पुढचं सगळं शेरा पुसण्यापुरतं होईल.
एक काम करा. तुमच्या डेस्कवरच्या साध्या पीसीवरून ब्राउझरमध्ये ईआरपी सर्व्हरचं ९१०० चं मेट्रिक्स पान उघडा आणि वरून खालपर्यंत वाचा. आलेख बघायचे नाहीत, तो कच्चा मजकूर वाचायचा. कर्नलचं व्हर्जन दिसेल, म्हणजे कुठला पॅच राहिलाय ते कळलं. सगळे माउंट दिसतील, त्यात बॅकअपचा एनएफएस (नेटवर्कवरून फोल्डर देणारा) सर्व्हर नावासकट. नेटवर्क कार्ड किती, मशीन शेवटचं कधी रिस्टार्ट झालं, सगळं. आता ९०९० उघडा, प्रोमिथियसचं टार्गेट्सचं पान, तिथे ३८ च्या ३८ सर्व्हरची यादी पत्त्यांसकट एका जागी मिळेल. बाहेरच्या माणसाला हा नकाशा काढायला आठवडे लागले असते.
यात प्रोमिथियसचा दोष नाही. त्यांच्या कागदपत्रांत स्वच्छ लिहिलंय की हे पान ज्याला गाठता येतं त्याला आतला सगळा डेटा दिसतो असंच धरून चाला. २०१२ मध्ये साउंडक्लाउडमध्ये हे सुरू झालं तेव्हा आतल्या नेटवर्कसाठीच होतं. टीएलएस (एन्क्रिप्शन आणि सर्टिफिकेटने ओळख) आणि पासवर्ड प्रोमिथियसमध्येच आले ते जानेवारी २०२१ च्या २.२४ मध्ये, त्याआधी लोक पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर उभा करायचे. म्हणून इंटरनेटवरचे जुने लेख वाचून लावलं की सगळं उघडंच राहतं.
क्रम सांगतो. पहिलं, नोड एक्सपोर्टर सगळ्या पत्त्यांवर ऐकतो, तो फक्त मॅनेजमेंट नेटवर्कच्या आयपीवर बांधा. दुसरं, फायरवॉलडीमध्ये (रेड हॅटची फायरवॉल) ९१०० सरसकट उघडला असेल तर तो नियम काढा आणि फक्त प्रोमिथियसच्या एका आयपीपुरता नियम, म्हणजे रिच रूल, घाला. तिसरं टीएलएस, आणि त्यातही दोन्ही बाजूंनी सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हर आपली ओळख पटवतो आणि विचारणाराही पटवतो. ९०९० लोकलहोस्टवर बांधून टाका, ग्राफाना त्याच मशीनवर असेल तर बाहेरून त्याची गरजच नाही.
पहिल्या दोन गोष्टी आज दुपारीच होतात, त्यासाठी कुणाची परवानगी पण लागणार नाही. तिसरीला दोन-चार दिवस द्या.

रात्रपाळी
प्रोमिथियसऐवजी झॅबिक्स हे मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर का नाही? आमच्याकडे कित्येक वर्षं आहे. २०१६ च्या ३.० पासून एजंट (प्रत्येक मशीनवर बसणारा प्रोग्रॅम) आणि सर्व्हरमध्ये एन्क्रिप्शन आहे, सर्टिफिकेटचा घोळ नको असेल तर सामायिक किल्ली वापरता येते, कमीत कमी ३२ हेक्स आकडे. ९१०० ऐवजी १००५० पोर्ट लक्षात ठेवायचा एवढंच :) आणि अ‍ॅक्टिव्ह एजंट लावला की तो स्वतःच सर्व्हरच्या १००५१ वर जातो, सर्व्हरांवर आत येणारं दार उघडावंच लागत नाही.

सह्यकडा
@रात्रपाळी झॅबिक्स उत्तम आहे, नवीन उभारणी असती तर मीही तोलून बघितलं असतं. आत येणारं दार नको हा मुद्दा तर फार मोलाचा, डीएमझेडमधल्या (बाहेरच्या जगाला उघड्या, वेगळ्या नेटवर्कमधल्या) मशीनसाठी मीही असंच काहीतरी सुचवेन. पण यांचं प्रोमिथियस बसलंय, चालतंय, आणि ते बदलून शेरा जाणार नाही. झॅबिक्ससुद्धा एन्क्रिप्शन न लावता कित्येक ठिकाणी चाललंय, मी स्वतः बघितलंय.

कृष्णाकाठ
सह्यकडा सर, ते पान वाचलं. खरंच वाईट वाटलं. आमच्या बॅकअप सर्व्हरचं नाव, त्यावरचा फोल्डर, सगळं तिथे होतं आणि हे मी गेला महिनाभर कॅन्टीनच्या वायफायलाही उघडं ठेवलं होतं. पहिले दोन उपाय संध्याकाळीच केले.
आता नवीन व्हर्जन टाकायला गेलो तर अडलोय. फाइल होम फोल्डरमध्ये डाउनलोड केली, सोडवली, लोकल बिनमध्ये हलवली, सर्व्हिस सुरू केली तर २०३ एक्झेक एरर, म्हणजे फाइल चालवताच आली नाही. परवानग्या बरोबर आहेत, हाताने चालवलं तर चालतं!! एसई-लिनक्स (कुणी काय चालवायचं यावर लिनक्सचा जादा पहारा) परमिसिव्ह, म्हणजे न अडवणारं, केलं की सर्व्हिसही चालते. तसंच ठेवू का सध्यापुरतं?

सह्यकडा
नको नको. सध्यापुरतं केलेलं वर्षानुवर्षं राहतं. सर्व्हर सुरक्षित करायला निघालो आणि त्याचंच मोठं कुलूप काढून ठेवलं असं व्हायला नको.
कारण साधं आहे. होम फोल्डरमध्ये तयार झालेल्या फाइलला एसई-लिनक्सचं होमचं लेबल लागतं आणि एमव्ही केलं की फाइल ते लेबल बरोबर घेऊन जाते. सिस्टिमडीला (सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्रॅम) होमचं लेबल असलेली फाइल चालवायची मुभा नाही, म्हणून २०३. हाताने चालतं कारण तेव्हा तुम्ही चालवता, सिस्टिमडी नाही. त्या फाइलवर रिस्टोरकॉन मारा, लेबल जागेप्रमाणे बरोबर होईल, मग एन्फोर्सिंग परत चालू करून सर्व्हिस सुरू करा. एमव्हीऐवजी सीपी केलं असतं तर नवीन जागेचं लेबल आपोआप लागलं असतं.
आणखी एक, सर्व्हिससाठी वेगळा युजर बनवा, लॉगिन शेल नको, रूट तर अजिबात नको, नोड एक्सपोर्टरला रूट लागत नाही. युनिट फाइलमध्ये नवे अधिकार न मिळवण्याची आणि सिस्टिम फोल्डर फक्त वाचण्यापुरते ठेवण्याची बंधनं घाला. फक्त प्रोटेक्टहोम पूर्ण 'येस' करू नका, रीड-ओन्ली करा. 'येस' केलं की एक्सपोर्टरला खरं होम दिसतच नाही आणि होम वेगळ्या पार्टिशनवर असेल तर त्या डिस्कचे आकडे चुकीचे येतात. आमच्याकडे एकदा होम भरून वाहिलं आणि डॅशबोर्डवर ते दिसलंच नव्हतं, म्हणून कळकळीने सांगतोय.

कृष्णाकाठ
झालं! रिस्टोरकॉनने चाललं. एन्फोर्सिंग परत चालू.
आता टीएलएस. ओपनएसएसएलने स्वतःचं सीए (सर्टिफिकेटवर सही करणारं) केलं, सर्टिफिकेट केली, कॉमन नेममध्ये सर्व्हरचं नाव टाकलं. प्रोमिथियस सगळे टार्गेट लाल दाखवतंय, म्हणतंय की सर्टिफिकेट जुन्या कॉमन नेमवर अवलंबून आहे, सॅन वापरा. इन्सिक्युअर स्किप व्हेरिफाय ट्रू केलं की हिरवं होतं.

मस्कतकर
इथे मस्कतमध्ये मी हेच काम करतो, म्हणून बोलतो. दादा, ते स्किप व्हेरिफाय लगेच फॉल्स करा. त्यात एन्क्रिप्शन राहतं पण समोर कोण आहे हे तपासलं जात नाही, म्हणजे मधे कुणीही उभा राहून सर्व्हर असल्याचं सांगू शकतो.
प्रोमिथियस गो भाषेत लिहिलंय. गो १.१५ पासून कॉमन नेम बघणं सोडलं, नाव सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेममध्येच हवं. तुम्ही टार्गेट नावाने लिहिलं असेल तर तिथे डीएनएस नाव, आयपीने लिहिलं असेल तर आयपी. दोन्ही टाकून ठेवा. ३८ सर्टिफिकेट हाताने करू नका, तिसऱ्यापासून चुका सुरू होतात, अनेक सर्व्हरवर एकदम काम करून देणाऱ्या अ‍ॅन्सिबलने करा.
सीएची खासगी किल्ली मॉनिटरिंग सर्व्हरवर ठेवू नका, कृपा करून. वेगळ्या, बंद ठेवलेल्या मशीनवर. आणि या कामासाठी सीए पण वेगळंच ठेवा. कारण नोड एक्सपोर्टरला तुम्ही क्लायंट सर्टिफिकेट तपासायला सांगता तेव्हा तो त्या सीएने सही केलेलं कुठलंही क्लायंट सर्टिफिकेट आत घेतो. कंपनीचं व्हीपीएन त्याच सीएवर असेल तर प्रत्येक कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपला आत यायची सोय झाली.
घड्याळ बघा. एखाद्या मशीनचं घड्याळ मागे असेल तर नवीन सर्टिफिकेट 'अजून लागू नाही' म्हणून नाकारलं जातं आणि माणूस दिवसभर सर्टिफिकेटच तपासत बसतो. घड्याळ जुळवणारं क्रोनी चालू आहे ना सगळीकडे?

वैनगंगा
घड्याळावरून आठवलं, भारतातल्यांसाठी तो नुसता चांगला सल्ला नाहीये. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या टाइम सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, जुळवायला सांगितलंय. लॉग १८० दिवस ठेवायचे आणि सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची हेही त्यातच. ग्राफाना आणि त्या मशीनचे लॉगिनचे लॉगसुद्धा त्यात धरा, लोक तेच विसरतात.

डीबीएवाली
उशिरा आले धाग्यावर. सगळे नोड एक्सपोर्टरवर बोलताय पण खरं धन पोस्टग्रेसमध्ये आहे, त्यावर कुणी काही म्हणेना.
पोस्टग्रेसचे आकडे देणाऱ्या पोस्टग्रेस एक्सपोर्टरला सुपरयुजर (सगळे अधिकार असलेला युजर) देऊ नका. पोस्टग्रेस १० पासून पीजी मॉनिटर नावाचा रोल आलाय, एक साधा युजर करून त्याला तो रोल द्या, काम भागतं. एक्सपोर्टर त्याच मशीनवर असेल तर युनिक्स सॉकेटवरून पीअर पद्धतीने (मशीनवरचा युजर हीच ओळख) जोडा, म्हणजे पासवर्डच नाही, मग चोरीला जाणार काय. पासवर्ड लागलाच तर वेगळ्या फाइलमध्ये, फक्त त्या युजरला वाचता येईल असा. कमांडच्या ओळीत कधीही नाही. पीएस मारला की मशीनवरच्या सगळ्यांना तो दिसतो.
याचा मला आलेला अनुभव सांगते. आधीच्या एका ठिकाणी प्रोसेसवार मेमरी बघायची म्हणून कुणीतरी स्क्रिप्ट लिहिली, ती दर मिनिटाला प्रत्येक प्रोसेसची पूर्ण कमांड-ओळ लेबल (आकड्याला जोडलेली चिठ्ठी) म्हणून नोड एक्सपोर्टरच्या टेक्स्टफाइल कलेक्टरमध्ये टाकायची. हेतू चांगला होता. पण एक रात्रीचा जॉब पासवर्ड कमांडमध्येच घेऊन चालायचा. मी ग्राफानात मेमरीचा आलेख बघत होते, माउस रेघेवर नेला आणि छोट्या चौकटीत प्रोडक्शन डेटाबेसचा पासवर्ड, अक्षर न् अक्षर. ते डॅशबोर्ड पाच टीम बघायच्या. पासवर्ड तासाभरात बदलला, पण प्रोमिथियसच्या साठ्यातून ती सिरीज (एका मोजमापाच्या नोंदींची रांग) काढायला अ‍ॅडमिन एपीआय तात्पुरता चालू करावा लागला, तो मुळात बंद असतो आणि काम झालं की परत बंदच ठेवावा.
तसंच ग्राहक क्रमांक, मोबाइल नंबर, क्वेरीचा मजकूर हे लेबल करू नका. पीजी मॉनिटरवाल्याला दुसऱ्यांच्या चालू क्वेरी पूर्ण दिसतात, त्यात माणसांची नावं-नंबर असतात. शिवाय लेबलची प्रत्येक वेगळी किंमत म्हणजे एक वेगळी सिरीज, लाखभर ग्राहक म्हणजे लाखभर सिरीज, प्रोमिथियसची मेमरी बघता बघता संपते. सुरक्षितता आणि परफॉर्मन्स दोन्ही एकाच चुकीने जातात.

कृष्णाकाठ
ताई, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच आमच्या स्क्रिप्टा तपासल्या. एकात कमांडचं नाव आहे, पूर्ण ओळ नाही, वाचलो. पण पोस्टग्रेस एक्सपोर्टर सुपरयुजरनेच जोडलेला होता :( बदलला.
एक शंका, टीएलएस लावल्याने सर्व्हरवर भार किती पडेल? आणि डिस्क किती लागेल? साहेबांना आकडा हवाय.

सह्यकडा
टीएलएसचा भार जाणवणारही नाही, दर १५ सेकंदांनी एक छोटी विनंती, तीही बहुतेक उघड्याच राहिलेल्या कनेक्शनवर. पासवर्डही लावणार असाल तर तो बीक्रिप्टने (पासवर्डचं उलटं न करता येणारं रूप) साठवला जातो आणि बीक्रिप्ट मुद्दाम जड बनवलेलं आहे, कॉस्ट १० पुरे, उगाच १४-१५ करू नका.
डिस्कचं गणित मांडू. एका सर्व्हरच्या साधारण १००० सिरीज धरा, ३८ चे ३८,०००. दर १५ सेकंदांनी म्हणजे सेकंदाला सुमारे २,५३३ नोंदी, दिवसाला जवळजवळ २१ कोटी ८९ लाख. प्रोमिथियसला एका नोंदीला सरासरी १ ते २ बाइट लागतात. २ धरले तर दिवसाला ४४० एमबी, ९० दिवसांना ४० जीबी. पोस्टग्रेसच्या सिरीज जास्त असतील, म्हणून १०० जीबी मागा आणि निवांत राहा.
पण साठा किती दिवसांचा हे आत्ताच बघा! न सांगता प्रोमिथियस फक्त १५ दिवस ठेवतं. तुमचं दुखणं महिन्याच्या १ तारखेचं. २० तारखेला कुणी विचारलं की १ ला काय झालं होतं तर तुमच्याकडे डेटा नसेल. निदान ९० दिवस करा, म्हणजे तीन महिन्यांच्या १ तारखा शेजारी ठेवून बघता येतील.

वैनगंगा
ग्राफानावर कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.
अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन बदललाय ना? स्वतःहून खातं उघडायची सोय आणि अनामिक प्रवेश दोन्ही बंद आहेत का ते बघा. लॉगिन कंपनीच्या एलडॅपवर (कर्मचाऱ्यांच्या खात्यांची मध्यवर्ती यादी) न्या, माणूस नोकरी सोडून गेला की इथलंही दार आपोआप बंद. आणि व्ह्यूअर म्हणजे फक्त बघणारा असं समजू नका. ज्या डेटा सोर्सपर्यंत त्याला पोचता येतं त्यावर तो डॅशबोर्डबाहेरची हवी ती क्वेरी पाठवू शकतो. म्हणून ग्राफानाला थेट ईआरपीचा डेटाबेस जोडला असेल तर तो फक्त वाचणाऱ्या, अगदी मोजकी टेबलं दिसणाऱ्या युजरनेच जोडा.
पॅच वेळेवर. डिसेंबर २०२१ मध्ये ग्राफानाच्या ८.० ते ८.३.० मध्ये एक दोष निघाला होता, लॉगिन न करता साध्या लिंकमधून सर्व्हरवरच्या फाइल वाचता यायच्या. ८.३.१ मध्ये दुरुस्त झाला, पण 'आतलंच आहे, कोण बघतंय' म्हणून कित्येकांनी टाकलाच नाही.
साहेबांना एकच उदाहरण सांगा, सोलरविंड्स ओरायन. मॉनिटरिंगचंच सॉफ्टवेअर. डिसेंबर २०२० मध्ये उघडकीला आलं की त्याच्या अपडेटमधूनच हल्लेखोर शिरले होते, तो बाधित अपडेट सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत गेला होता. मॉनिटरिंगचं मशीन सगळीकडे पोचतं, म्हणून ते ईआरपीइतकंच जपायचं. त्यावरून बाकी सर्व्हरवर एसएसएचच्या किल्ल्या नकोत, त्याला फक्त आकडे वाचायचेत.

रात्रपाळी
स्विच आणि यूपीएस बघा बरं का. एसएनएमपी (अशा उपकरणांचे आकडे वाचायची पद्धत) व्ही२सी वर 'पब्लिक' हाच परवलीचा शब्द ठेवून असतात सगळे, तो नेटवर्कवर उघडा फिरतो. व्ही३ करा, ओळख आणि एन्क्रिप्शन दोन्हीसकट, आणि लिहिण्याचा अधिकार काढून टाका.

कृष्णाकाठ
मंडळी, १ तारीख होऊन गेली. सांगण्यासारखं खूप आहे.
सकाळी साडेदहाला फोन सुरू झाले. या वेळी मी टॉप उघडला नाही, डॅशबोर्ड उघडला. लोड अ‍ॅव्हरेज ५० च्या वर आणि सीपीयू मात्र ६५ टक्के रिकामा! आधी वाटलं मीच काहीतरी चुकीचं मोजतोय. मग वाचलं की लिनक्सच्या लोडमध्ये डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही धरतात. आय-ओ वेट (डिस्कसाठी थांबण्याचा वेळ) बघितलं, चढलेलं. डिस्कवर वाचन नेहमीच्या कितीतरी पट, आणि ते वाचन पोस्टग्रेसचं नव्हतंच. बॅकअपचा एजंट! महिन्याचा पूर्ण बॅकअप १ तारखेला लागतो, रात्री सुरू होतो आणि डेटा वाढत गेल्यामुळे आता सकाळपर्यंत संपतच नाही. म्हणजे बिलिंग आणि बॅकअप एकाच डिस्कवर झोंबत होते. गेली दोन वर्षं आम्ही रॅम वाढवायच्या गोष्टी करत होतो हो. पूर्ण बॅकअप आता महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी रात्री नेलाय. २ तारखेपासून एकही फोन नाही.

डीबीएवाली
वा! मनापासून आनंद झाला. आता कर्नलचं प्रेशर स्टॉलचं मोजमाप पण चालू करा, पीएसआय म्हणतात त्याला, ४.२० पासून आहे. लोडपेक्षा स्पष्ट कळतं, कामं किती टक्के वेळ डिस्कसाठी थांबून राहिली ते थेट दिसतं. रेड हॅट ८ वर ते मुळात बंद असतं, बूटच्या ओळीत पीएसआय बरोबर १ लिहावं लागतं आणि एक रिस्टार्ट.

सह्यकडा
फार छान. दोन अलर्ट राहिलेत, ते लावल्याशिवाय हे काम पुरं म्हणू नका. एक, सर्टिफिकेट संपायच्या ३० दिवस आधीचा, ब्लॅकबॉक्स एक्सपोर्टर (बाहेरून जोडून तपासणारा) संपायची तारीख देतो. नवीन सर्टिफिकेट जागेवर ठेवलं की नोड एक्सपोर्टर ते आपोआप उचलतो, रिस्टार्ट नको. दुसरा, कायम वाजत राहणारा अलर्ट, जो बाहेरच्या एखाद्या ठिकाणी दर काही मिनिटांनी पोचतो आणि पोचायचा थांबला की तिथून तुम्हाला फोन येतो. मॉनिटरिंगच पडलं तर सगळं शांत आणि हिरवं वाटत राहतं, ती शांतता फसवी असते.

कृष्णाकाठ
दोन्ही लावले. दुसरा तपासायला काल रात्री मुद्दाम प्रोमिथियस बंद केलं, अकराव्या मिनिटाला माझा मोबाइल वाजला.
आज ऑडिटरसमोर तीन गोष्टी करून दाखवल्या. कॅन्टीनच्या वायफायवरून ९१०० उघडून बघितला, ब्राउझर फिरत राहिला आणि टाइमआउट. मॉनिटरिंग सर्व्हरवरून सर्टिफिकेट न देता कर्ल (पान मागवणारी कमांड) मारला, हँडशेकलाच नकार. मग सर्टिफिकेट देऊन मारला, तेव्हा पान आलं. त्याने तिन्हीचे स्क्रीनशॉट घेतले आणि शेरा तिथेच बंद केला. साहेब शेजारीच उभे होते, त्यांनी पीएसआयसाठीच्या रिस्टार्टची मंजुरी पण देऊन टाकली.
चार विंडोज सर्व्हर राहिलेत, त्यांचा एक्सपोर्टर ९१८२ वर उघडाच आहे अजून. फायरवॉल आज लावतो, टीएलएस येत्या रविवारी. अडलो तर इथेच विचारतो.